शाळा संपल्याची तारीख

"हारुका पास झालीय, पण तुमची सिस्टिम तिचे मार्क घेत नाही," मोरिता-सान फोनवर म्हणाल्या. बुधवारची सकाळ होती.

मोरिता-सान ओसाकातल्या एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काम करतात. तिथली विद्यार्थ्यांच्या नोंदींची सिस्टिम आमच्या कंपनीची, आणि तिची देखभाल माझ्याकडे. हारुका बारावीतली मुलगी. त्या विद्यापीठात यंदापासून शाळेतल्या मुलांनाही कॉलेजचा एखादा विषय घेता येतो. पास झालं की क्रेडिट मिळतं, म्हणजे विषय पुरा केल्याची अधिकृत नोंद. हारुकाने एप्रिलपासून दर शनिवारी येऊन स्टॅटिस्टिक्स केलं होतं. सोमवारी कॉलेजच्या प्रवेशअर्जाला तिला क्रेडिटचा दाखला जोडायचा होता. मार्क भरायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपत होती.

मी स्क्रीन उघडली. मार्क सेव्ह करण्याआधी सिस्टिम 'शाळा संपल्याची तारीख' मागत होती. जी मुलगी अजून शाळेत जाते, ती ही तारीख आणणार कुठून?

"पुढच्या वर्षीची एकतीस मार्च टाका तात्पुरती," मी म्हणाले. पुण्याची सवय, दुसरं काय.

"जोशी-सान, विद्यापीठाच्या नोंदीत मी खोटी तारीख टाकू?"

त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच वैताग आला.

तो रकाना रिकामा ठेवायची मुभा देणं, हे एका ओळीचं काम. टेस्टिंग धरून अर्धा दिवस. मी माझे बॉस निशिदा-सान यांच्याकडे गेले.

"हा स्पेक चेंज आहे," ते म्हणाले. स्पेक म्हणजे सिस्टिम कशी हवी हे ग्राहकाने शिक्का मारून ठरवलेला कागद. तो बदलायचा तर दोन्हीकडचे मिळून आठ शिक्के आणि सहा आठवडे.

"शुक्रवारी मुदत संपतेय. मुलीच्या वर्षाचा प्रश्न आहे."

"कठीण आहे," निशिदा-सान म्हणाले. नऊ वर्षं इथे काढल्यावर मला कळतं, कठीण म्हणजे नाही.

दिवसभर चरफडत राहिले. एका ओळीसाठी आठ शिक्के. गुरुवारी सकाळी लक्षात आलं, बगला शिक्के लागत नाहीत. बग म्हणजे आमची चूक, आणि ती त्याच दिवशी दुरुस्त करायची असते. फक्त ती कोणाची, हे नावानिशी लिहून द्यावं लागतं.

"हा बग आहे," मी निशिदा-सानना सांगितलं.

"स्पेकमध्ये तसंच लिहिलंय. मग बग कसा?"

"शाळेतली मुलं आली तर काय, हे मी स्पेक ठरतानाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

"लेखी द्याल?"

"देते."

शुक्रवारी दुपारी तीनला बदल सिस्टिमवर चढला. सव्वातीनला मोरिता-सानचा फोन आला. "सेव्ह झालं," एवढंच म्हणाल्या आणि ठेवला.

सोमवारी दाखला अर्जाला लागला, आणि मी माझ्या चुकीबद्दलचा रिपोर्ट लिहायला बसले. त्यात 'असं का झालं' हे पाच वेळा विचारतात, आणि पाचही उत्तरं वेगळी लागतात. तिसऱ्या उत्तराला माझी कल्पनाशक्ती संपली. कसाबसा पुरा करून पोच घ्यायला विद्यापीठात पाठवला. परत आला तेव्हा शिक्क्याखाली मोरिता-सानच्या बारीक अक्षरात एक ओळ होती: 'परीक्षा विभागानेही विचारलं नव्हतं.'

सगळ्यांचं बरोबर असेल तर इथे कामाला सहा आठवडे लागतात. घाई असेल तेव्हा कोणीतरी चुकलेलं असावं लागतं.