गिटारवरचे स्टिकर

डागवाले काका म्हणून सगळा रस्ता त्यांना ओळखायचा. कोपऱ्यावर ड्रायक्लीनिंगचं दुकान, पुढे वाफेची इस्त्री, मागे पेट्रोलवॉशची खोली आणि तिथला तो डोकं धरणारा वास. कोटावरची शाई असो की उशीवरचं रक्त, काका आधी डाग नाकाशी नेत, मग गिऱ्हाइकाकडे बघत, आणि गिऱ्हाईक आपोआप खरं बोलायला लागे. त्यांच्या शेजारी जेवायला बसलेली माणसं घास जपून उचलत.

घरातही तसंच होतं. चहाचा कप टेबलाला टेकायच्या आत खाली बशी आलेली असे. काकांनी कधी हात उगारला नाही, की शिवी दिली नाही. काही बिनसलं की ते फक्त बोलायचे बंद होत. तो अबोला कधी कधी आठवडाभर चाले.

बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. पोटाचं दुखणं; कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. मुलगी नोकरीसाठी परगावी. रविवारी तिचा फोन यायचा. तब्येत, हवापाणी, आणि "ठेवते मग". एका रविवारी मात्र ती जरा जास्त बोलली. शाळेत लहान मुलांना गाणी शिकवायचं काम मिळालं होतं, म्हणून कपाटावर पडून असलेली जुनी गिटार तिला हवी होती. मैत्रीण येऊन घेऊन जाईल म्हणाली.

"बाबा, आहे तशीच द्या. पुसू-बिसू नका."

काकांनी ते एका कानानं ऐकलं. आपल्या घरातून कळकट वस्तू बाहेर जाणार, हे त्यांच्याच्यानं होणारं नव्हतं. गिटारवर मुलीनं शाळेत असताना चिकटवलेले स्टिकर होते. फुलं, चांदण्या, एक हिरवा बेडूक. तेव्हा काकांनी ते पाहून "वाद्य आहे की खाऊचा डबा?" एवढंच विचारलं होतं, आणि मग दोन-तीन दिवस काहीच विचारलं नव्हतं. आता स्टिकरच्या कडा सुटून आत वळल्या होत्या, उघड्या पडलेल्या डिंकावर धूळ बसून काळी किनार झाली होती.

दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी गिटार दुकानातल्या टेबलावर जुन्या ब्लँकेटवर आडवी ठेवली. केस वाळवायच्या यंत्रानं एकेक स्टिकर कोमट करायचा आणि नखानं कडेपासून सोलत न्यायचा. कागद निघाला, खाली डिंक राहिला. पेट्रोलचा थेंब त्यांनी आधी गिटारच्या बुडाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून पाहिला. पॉलिश उडालं नाही. मग मऊ फडक्याचं टोक भिजवून ते हलक्या हातानं गोल गोल पुसत राहिले. डिंकाच्या गोळ्या होऊन फडक्यावर येत होत्या.

बेडकाखालचा डिंक निघाला तेव्हा त्यांना चीर दिसली. गिटारच्या गोल भोकापासून निघून ती तारा अडकवायच्या पट्टीपर्यंत गेली होती. आत कुणीतरी फेव्हिकॉल भरला होता, तो वाळून पिवळा पडला होता. मघाशी सोललेले सगळे स्टिकर, फुलं आणि चांदण्यासुद्धा, याच रेषेवर होते. एकही इकडेतिकडे नव्हता.

काकांनी रविवारची वाट पाहिली नाही. अवेळी फोन आलेला बघून मुलगी घाबरली. गिटारला चीर आहे, असं त्यांनी सांगितलं.

"तुम्ही स्टिकर काढलेत."

केव्हाची चीर, असं त्यांनी विचारलं. मग तिनं सांगितलं. ते दुकानात असताना गिटार पलंगावरून पडली होती. आईनं चीर भरली, वरून पट्ट्यानं आवळून गिटार रात्रभर माळ्यावर लपवली, आणि दुसऱ्या दिवशी दोघी जाऊन स्टिकर घेऊन आल्या. बेडूक आईनं निवडला होता. चिकटवताना दोघी खूप हसल्या होत्या.

"मला सांगायला हवं होतं," काका म्हणाले.

"आईच म्हणाली, त्यांना नको सांगायला." मुलगी म्हणाली. "ती नेहमी असंच म्हणायची, बाबा. सगळ्याच बाबतीत."

एवढं बोलून मुलीनंच "ठेवते मग" म्हटलं.

त्यांनी उरलेला डिंक काढला, पॉलिशचा हात फिरवला. तरी स्टिकर होते तिथलं लाकूड फिकट राहिलं, त्याला इलाज नव्हता. मैत्रीण आली तेव्हा तिला चीर दाखवून, कुणा जाणकाराकडून बघून घ्यायला सांगा, म्हणाले. गिटार गेली. "सगळ्याच बाबतीत" हे शब्द काही जाईनात.

शेवटी एका संध्याकाळी दुकान लवकर बंद करून ते मेहुणीकडे गेले. बायको गेल्यापासून त्या घराची पायरी चढले नव्हते. मेहुणीनं आधी चहा टाकला, मुलीची चौकशी केली. काकांनी सरळच विचारलं, हिला दुखायला कधीपासून लागलं होतं?

"आता विचारून काय करणार, भाऊजी?"

"तरी सांग."

मग मेहुणी खाली बघून बोलत राहिली. दवाखान्यात नेलं त्याच्या आधी जवळजवळ वर्षभर दुखत होतं. भाजी आणायला जाते सांगून ताई दुपारी इकडे यायची, पोटाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन पडायची. डॉक्टरकडे चल म्हटलं की, दुकानात कामाची गर्दी आहे, त्यांचं डोकं कशाला फिरवायचं, म्हणायची. "मलाही शपथ घातली होती," मेहुणी म्हणाली.

ती भाजी काकांना आठवत होती. घाईत कुठूनतरी उचललेली, सुकलेली. एकदा ताटातली तशीच बाजूला सारून ते उठले होते, आणि नंतर कितीतरी दिवस बोलले नव्हते. बायकोनं तेव्हा फक्त ताट उचललं होतं.

"कुठे पडायची?"

मेहुणीनं आतली खोली दाखवली. भिंतीला लागून एक अरुंद खाट होती, वर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. तिनं कपडे उचलून खुर्चीवर टाकले. काका खाटेच्या कडेला बसले. बाहेरून मेहुणीनं हाक मारली, चहा निवतोय म्हणून. थोड्या वेळानं परत मारली. ते उठले नाहीत.