नंदाचा पत्ता

परवा आमच्या गावच्या बालगृहात युवा सक्षमीकरणाचा सोहळा झाला. अठरा पूर्ण झालेल्या मुली दुसऱ्या दिवशी संस्था सोडणार होत्या, म्हणून निरोपाच्या शाली वाटल्या गेल्या. मुलींना नव्हे, पाहुण्यांना! मुली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवत होत्या. असे सोहळे मी चुकवत नाही. फुकटात इतकं नाटक दुसरीकडे कुठे मिळतं?

नगरसेवक गरजले, "पोरींनो, मतदार व्हा! देश तुमच्या हातात आहे!"

नंदा नावाची मुलगी उठली. "साहेब, नाव नोंदवायला गेले होते. पत्ता मागतात. कुठला देऊ?"

अधीक्षिकाबाई घाईघाईने म्हणाल्या, "इथला नको हं. उद्यापासून तू इथली नाहीस."

अख्खा देश हातात द्यायला ही मंडळी केवढी उदार! एक दार उघडायचं म्हटलं, की मात्र सगळ्यांचे हात शालीत गुंतलेले.

"मग साहेब, तुमच्या घरचा देऊ?" नंदा म्हणाली. "चार दिवस राहायलाही येईन."

मुली खदखदून हसल्या. साहेबांना तेवढ्यात दुसरा कार्यक्रम आठवला. सभागृह रिकामं झालं, तरी नंदा उत्तरासाठी उभीच होती.