कागदावर नाही ते

आमचे अर्जनवीस काका ऐन वेळी माणसाच्या हातातून पेन काढून घेत. दस्त टाइप होऊन तयार असे, साक्षीदार घड्याळाकडे बघत असत, समोरच्या नोंदणी कार्यालयात नंबर लागलेला असे. सही करायला वाकलेल्या माणसाला काका म्हणत, "थांबा जी. कागदावर आहे ते मी वाचून दाखवलं. आता कागदावर नाही ते सांगा." नवखी माणसं गांगरून जात, काही चिडत. वकील मंडळी त्यांना 'कबुलीजबाब काका' म्हणत आणि त्यांच्याकडेच पक्षकार पाठवत.

त्यांचं म्हणणं साधं होतं. घर आणि शेत कागदावर जातं, पण माणसं एकमेकांना जे कबूल करतात ते बहुतेक तोंडीच राहतं. 'मायले मी सांभाळीन', 'बांधावरचे आंबे दोघांचे', 'विहिरीचं पाणी तोडणार नाही'. दस्तात याला जागा नसते. काका ते विचारून घेत आणि आपल्याकडच्या प्रतीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवत.

मी त्यांच्याकडे लागले ती संगणकामुळे. भंडाऱ्याला कचेरीसमोर त्यांची एक खोली होती आणि तिथल्या जुन्या प्रतींना वाळवी लागली होती. मी कागदपत्रं सांभाळायचं सॉफ्टवेअर बसवून घेतलं आणि एकेक दस्त स्कॅन करायला घेतला. नाव, गाव, गट क्रमांक, दस्ताचा प्रकार, तारीख, असे रकाने त्यात तयारच होते. पहिला दस्त पडद्यावर पाहून काका खूश होतील असं मला वाटलं. ते खुर्चीमागे उभे राहून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "याची पाठ कुठं आहे, बेटा?"

पाठीवरची फिकट पेन्सिल स्कॅनमध्ये उमटत नव्हती. पण आपल्याला हवा तो रकाना जोडून घ्यायची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती. मी तो जोडला. त्याला नाव काय द्यायचं हे विचारावं लागलं नाही: 'कागदावर नाही ते'. मला व्यवस्थितपणाची भारी हौस. मी म्हटलं, "काका, पाच-सहा पर्यायांची यादी करू, त्यातला एक निवडायचा. शोधायला सोपं जाईल."

"माणूस यादीतलं बोलते का कधी?" काका म्हणाले. "कोरी जागा दे. मोठी दे."

वर काकांनी तो रकाना सक्तीचा करून घेतला. तो रिकामा असला की नोंद जतनच व्हायची नाही, पडद्यावर लाल अक्षरं यायची. घाईच्या दिवशी मी त्या लाल अक्षरांचा मनातल्या मनात उद्धार करायची.

मग एकदा आंधळगावचा एक म्हातारा विणकर आमच्या पायरीवर येऊन बसला. दोन वर्षांपूर्वी त्याने घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं होतं. आता मुलगा हातमाग काढून त्या जागी दुकान टाकायला निघाला होता. काकांनी मुलाला फोन करून बोलावून घेतलं आणि मला रकाना मोठ्याने वाचायला सांगितला. मी वाचलं, 'बाप जिवंत असेतो माग हालवणार नाही. मुलगा हो म्हणाला. दोनदा म्हणाला.'

"याले कायद्यात काय किंमत आहे जी?" मुलगा म्हणाला.

"काहीच नाही. पण तू दोनदा म्हणाला होता. एकदाच म्हणाला असता तर मी तुले बोलावलो नसतो."

मुलाने गाडी पायरीशी आणली. मग बापाला गाडीवर मागे बसवून घेऊन गेला. दर वेळी असं होत नसे. कितीतरी जण हसून निघून गेले आहेत. पण तो माग अजून जागेवर आहे.

माझ्या स्वतःच्या हक्कसोडपत्राच्या दिवशी मात्र मला काकांच्या प्रश्नाचा राग आला. बाबा गेल्यावर आसगावचं घर आणि धानाची शेती धाकट्या भावाच्या नावे करायचं ठरलं होतं. मी खुशीने तयार होते, दस्तही मीच टाइप केला. माझी इच्छा एवढीच होती की भावाने एकदा तोंडाने म्हणावं, 'बाई, घर तुझंच आहे, येत जा.' तो मोबाइलवर हार्वेस्टरवाल्याशी बोलत होता. मागून घेतलेल्या शब्दाला काय चव असणार? काकांनी पेन काढून घेतलं तेव्हा मी म्हटलं, "काही नाही, काका."

"काहीच नाही?"

"नाही म्हटलं ना."

आणि त्या सक्तीच्या रकान्यात मीच माझ्या हाताने 'काही नाही' असं टाइप केलं आणि सही केली.

त्यानंतर मी आसगावला गेले नाही. बोलावणं आलं नाही, आणि बिनबोलावता जायला माझा ताठा आडवा येई. भावाचे फोन यायचे, तब्येतीचे, पाण्यापावसाचे. दर वर्षी दिवाळी झाली की काका विचारत, "आसगावले जाऊन आली का, बेटा?" मी म्हणे, "वेळ कुठं भेटते, काका." म्हाताऱ्या माणसाची चौकशी म्हणून मी सोडून देई. असं चार वर्षं चाललं.

या पावसाळ्यात काका गेले. लकव्याने शेवटचे दोन महिने त्यांची वाचा गेली होती. मी भेटायला गेले की माझ्याकडे बघून ओठ हलवत. मी म्हणे, "कामं सगळी नीट चालली आहेत, काका." ते मान हलवून नाही म्हणत. मला वाटे, म्हाताऱ्याचा माझ्यावर अजून विश्वास बसत नाही.

त्यांच्यामागे खोली मी चालवते. गेल्या महिन्यात सॉफ्टवेअर बदलावं लागलं. बसवून देणाऱ्याने बजावलं, "तयार रकाने आपोआप येतील. तुम्ही जोडलेला रकाना मात्र एकेक दस्त उघडून तपासून घ्या." मी तपासत बसले. आसगावच्या दस्तांत माझं नाव आलं. सहीच्या दिवसानंतर मी तो दस्त उघडलाच नव्हता. रकान्यात माझं 'काही नाही' होतं. त्याखाली काकांनी एका बोटाने टाइप केलेल्या ओळी होत्या.

'काही नाही म्हणाली. भावाकडे पाहून म्हणाली. पुन्हा विचारावे.
आसगावला गेली नाही. वेळ नाही म्हणते.
गेली नाही.
गेली नाही. खोटे बोलते.
गेली नाही. मी किती दिवस विचारणार.'

मी दार लोटून घेतलं आणि पोटभर रडले. नाही म्हणून हलणारी ती मान कामासाठी नव्हती, हे मला आता कळत होतं.

त्या रविवारी न कळवता आसगावला गेले. भाऊ खळ्यावर होता. मला पाहून तसाच, अंगावरचा भुसा न झटकता, समोर आला. एसटीत मनाशी जुळवलेलं सगळं मी विसरले. "घर माझं आहे का रे अजून?" एवढंच विचारलं. तो रागावला. खरोखर रागावला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज फाटला.

सोमवारी पहिला पक्षकार आत यायच्या आधी मी माझा दस्त उघडला आणि काकांच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं:

'आसगावला जाऊन आली. भाऊ म्हणाला, इतक्या उशिरा काहून आली, बाई?'