डावा टायर

आमच्या गाडीचा पुढचा डावा टायर आतल्या बाजूने झिजायचा. बाहेरून बघितलं तर नवाकोरा वाटावा. हात आत घालून कड चाचपली की मात्र हाताला काहीच लागायचं नाही, सगळी नक्षी गेलेली. हे मला फार उशिरा कळलं. टायरला हात लावायचं काम माझं नव्हतं. माझ्याकडे डबे भरायचं काम होतं.

मी नांदेडला शाळेत शिकवत होते आणि आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली त्या वर्षी नांदेडातल्या निम्म्या घरांचं तोंड लातूरकडे वळलेलं होतं. लातूरला गल्लोगल्ली क्लास निघाले होते. पोरांना ठेवून घ्यायला लोक आपली माजघरं रिकामी करून देत होते. माझे मोठे दीर तिथेच गणिताचे क्लास घ्यायचे. किल्लारीच्या भूकंपाच्या आधी पत्र्याच्या शेडमध्ये वीसेक पोरं घेऊन बसणाऱ्या भावजींची आता दोन मजली इमारत होती. मुलीला त्यांच्याच घरी ठेवलं. परक्याच्या घरी पोरगी ठेवायची वेळ येऊ नये म्हणून मी देवीला नवस बोलले होते, तो फेडायला माहूरला जाऊनही आले.

गाडीही भावजींचीच. क्लास वाढला तशी त्यांनी नवी गाडी घेतली आणि जुनी पांढरी ह्यांना दिली. अंगणात किल्ली ह्यांच्या हातावर ठेवत भावजी म्हणाले, "घरातली गाडी हाय. एक ओरखडा न्हाई. डोळे झाकून चालव." मी बॉनेटला हळदीकुंकू लावलं आणि भावजींच्या पाया पडले.

मग दर दुसऱ्या रविवारी आम्ही लातूरला जायचो. लोहा, अहमदपूर, चाकूर. मागच्या सीटवर शेंगदाण्याची चटणी, धपाटे, तिच्या धुतलेल्या कपड्यांची पिशवी. काळ्या मातीतला रस्ता, दर पावसाळ्यात खचणारा. गाडी सारखी डावीकडे ओढायची. हे स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरायचे आणि घरी आल्यावर मला खांद्याला तेल चोळायला लावायचे. वर्षभरात दोनदा टायर बदलले. मी विचारलं की म्हणायचे, "रस्ताच तसा हाय, गाडी काय करील?" मला पटायचं. रस्ता खरंच तसा होता.

मुलगी बारावीला गेली. दिवाळीची सुट्टी संपवून तिला परत सोडायला निघालो होतो. अहमदपूर मागे पडलं, सकाळचे दहा वाजले असतील. मुलगी मागे बसून जीवशास्त्राच्या वहीतलं मोठ्याने पाठ करत होती. एकदम पुढे काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि गाडी डावीकडे खेचली गेली. ह्यांनी दोन्ही हातांनी चाक धरून ठेवलं, तरी गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि तुरीच्या शेतात जाऊन थांबली. समोर बाभळीचं झाड होतं, चार पावलांवर. मागून मुलीचा आवाज आला, "आई, माझी वही कुठंय?" तेव्हा मला रडू फुटलं.

शेतातल्या दोघा माणसांनी गाडी ढकलून वर काढली. ह्यांनी स्टेपनी चढवली. फाटलेला टायर डिकीत टाकताना मी पहिल्यांदा त्याची आतली कड पाहिली. रबर संपून आतल्या तारा बाहेर आल्या होत्या.

"हे एका दिवसात झालेलं नाही," मी म्हणाले.

"लातूरला दाखवू," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

लातूरला आधी मुलीला क्लासला सोडलं. ह्यांचं म्हणणं होतं की मी घरी जाऊन जाऊबाईंशी बोलत बसावं, ते गाडी दाखवून येतील. मी ऐकलं नाही. शेतातल्या त्या झाडानंतर मला गाडीपासून लांब जायचंच नव्हतं. औसा रोडच्या बाजूला एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं गॅरेज होतं, तिथे गेलो. पांढरी दाढी, कपाळावर चष्मा चढवलेला. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी गाडी पाहिली आणि फाटलेला टायर बाहेर निघायच्या आधीच मान हलवली.

"साहेब, गेल्या वर्षी पोळ्याला मी तुम्हाला काय सांगितलं होतं? ही गाडी टायर खाणार म्हणून सांगितलं होतं की नाही?"

मी चाचांना विचारलं, "का खाते?"

"बाई, इकडं या." त्यांनी बॉनेट उघडलं. "हे चाकाच्या वरचं, शॉकअप बसतो ते घर. आत दबलेलं हाय. ठोकून सरळ केलं आणि वेल्डिंग मारलं, पण पूर्ण सरळ झालं न्हाई. म्हणून चाक वरून आत झुकतं. मग आतली कडच घासणार ना? अलाइनमेंट किती बी करा, काही फायदा न्हाई."

"वेल्डिंग कशाला मारलं?"

चाचा ह्यांच्याकडे बघत थांबले. मग मलाच म्हणाले, "ॲक्सिडेंटची गाडी हाय ही. माझ्याच गॅरेजला आली होती. भूकंपाच्या पुढच्या साली. किल्लारीच्या बाजूनं येताना पत्रे भरलेल्या ट्रकला मागून धडकली. सरांना मी तेव्हाच बोललो होतो, ते घर बदलून टाका. ते म्हणाले, सध्या चालेल असं करून दे."

सर म्हणजे भावजी.

मी तिथल्या लाकडी बाकावर बसले. भूकंपाच्या पुढच्या वर्षी जाऊबाईंचा उजवा हात मोडला होता. कोपरापासून प्लास्टर. तेव्हा अधूनमधून धक्के बसतच होते, लोक अंगणात झोपत होते. भावजींनी फोनवर सांगितलं होतं की धक्का बसला म्हणून ती पळत बाहेर निघाली आणि पायरीवर पडली. मी रजा टाकून लातूरला गेले. पंधरा दिवस त्यांच्या घरी भाकरी थापल्या, जाऊबाईंची वेणी घातली. त्या वेळी आमच्या भागात कुणी पडलं, कुणाची भिंत फुटली, कुणाला ताप आला, तर सगळं भूकंपाच्या नावावर जायचं. कुणी उलटून विचारत नव्हतं. मीही विचारलं नाही.

"जाऊबाई गाडीत होत्या?" मी चाचांना विचारलं.

"बाईंचा हात मोडला होता," ते हळूच म्हणाले.

गॅरेजच्या बाहेर लिंबाखाली हे उभे होते. मी जाऊन समोर उभी राहिले.

"तुम्हाला वर्षापासून माहीत होतं."

"हाव."

"आणि मला सांगायचात, रस्ता तसा हाय."

"पोरगी दादाच्या घरी हाय. त्याच्याच क्लासला हाय. मी बोललो असतो तर तू गप बसली असतीस का?"

"तीच पोरगी आज मागच्या सीटवर होती."

ह्यांनी मान खाली घातली. "मला वाटलं, बारावी होऊस्तोवर टायर बदलत राहू. मग बघू."

भावजींचा मला राग आला, पण त्यांच्या वागण्याला एक कारण देता येत होतं, धंदा वाढवणारा माणूस, स्वतःची चूक झाकणारा. ह्यांच्या वागण्याला मला काही कारण सापडेना. हा माणूस गाडी डावीकडे का ओढते ते जाणून स्टिअरिंग दाबून धरत होता. मी त्याच्या खांद्याला तेल चोळत होते, आणि तो डोळे मिटून चोळून घेत होता.

संध्याकाळी भावजींच्या घरी गेलो. मी ठरवून गेले होते की शांतपणे बोलायचं. भावजी झोपाळ्यावर होते. मी सगळं सांगितलं, टायर, तुरीचं शेत, बाभळ. सगळं ऐकून ते म्हणाले, "कुणाला लागलं न्हाई ना?"

"नाही."

"मग झालं. जुन्या गाडीला थोडंफार असतंच. आन् मी परक्याला थोडीच दिली? भावालाच दिली ना!"

त्यांना हे मोठेपणाचं वाटत होतं. जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पदराखाली उजवा हात धरला आणि म्हणाल्या, "चहा टाकते." मी त्यांच्या मागे आत गेले नाही.

मुलीला तिथून हलवायचं मी त्याच दिवशी ठरवलं होतं. पण तिनेच मला गच्चीवर नेलं. म्हणाली, "आई, आता रूम शोधायची, मेस बघायची, माझे दोन महिने जातील. मला बारावी होऊ दे. मग तू म्हणशील तिथं." ती रडत नव्हती, ते मला जास्त लागलं. फेब्रुवारीपर्यंत मी त्या घरात दर दुसऱ्या रविवारी चहा प्यायले. साखर बरोबर आहे, असंही म्हणाले.

गाडी चाचांकडे सहा दिवस होती. त्यांनी ते दबलेलं घर कापून काढलं आणि दुसरं बसवलं, पुढचे दोन्ही टायर नवे घातले. गाडी सरळ चालायला लागली. हे स्टिअरिंग दोन बोटांनी धरून चालवायचे आणि मी खिडकीतून बाहेर बघत राहायचे. खांद्याला तेल चोळायचं मी बंद केलं. त्यांनीही पुन्हा मागितलं नाही. परीक्षेनंतर मुलीला नांदेडला आणलं. तिला डॉक्टरकी मिळाली नाही. पुढे परभणीला पशुवैद्यकीला गेली आणि तिथे छान रमली. मी उन्हाळ्यात गाडी शिकले. आधी का नाही शिकलात, असं शिकवणाऱ्याने विचारलं. मी म्हणाले, गरज वाटली नव्हती.

दोन वर्षांनी गाडी विकायला काढली. बिलोलीचे एक शिक्षक बायकोला घेऊन बघायला आले. ती माझ्याच वयाची असेल. शिक्षक ह्यांच्याबरोबर इंजिन बघत होते, ती दार उघडून मागच्या सीटवर बसून बघत होती. मी तिच्याजवळ गेले आणि सगळं सांगितलं. कुठे धडकली, काय दबलं, काय बदललं, टायर कुठून तपासायचा. तिने तिथूनच नवऱ्याला हाक मारली, "अहो, ऐकलंत का? ही ॲक्सिडेंटची गाडी हाय म्हणतायत."

शिक्षकांनी बॉनेटवरून मान वर केली आणि ह्यांच्याकडे बघितलं. "खरं हाय का?"

ह्यांनी हातातलं फडकं बॉनेटच्या कडेवर ठेवलं. मग म्हणाले, "हाव. माझ्या भावानं केला होता. मला माहीत होतं."

मी आत जाऊन चहा ठेवला. त्यांनी गाडी घेतली नाही, पण चहा पिऊन गेले.