बचावपटूची कॅसेट

माझ्या पुतणीने बोस्नियाच्या एका निवृत्त फुटबॉलपटूशी लग्न करायचं ठरवलं आणि त्या माणसाची पारख करायचं काम माझ्यावर आलं. फुटबॉलमधलं मला एवढंच ठाऊक होतं, की त्यात हात लावायचा नसतो. पण पुतणी आमच्याच अल्फारेटा गावात नोकरीला, तिचे वडील, म्हणजे माझा थोरला भाऊ, पुण्यात, आणि अमेरिकेत आमच्या घराण्याचा प्रतिनिधी म्हणाल तर मी एकटाच. दुसरा कोणी असता तर मला विचारलंच नसतं, असं दादाने फोनवर बोलूनही दाखवलं.

हे २००४ सालचं. त्याच्या आदल्याच वर्षी पुतणीसाठी न्यू जर्सीचं एक स्थळ आलं होतं. मुलगा स्वतःला व्हाइस प्रेसिडेंट म्हणवून घ्यायचा. साखरपुड्याचा हॉल ठरल्यावर कळलं, की साहेबांची नोकरी जाऊन वर्ष उलटलंय आणि ते बहिणीच्या बेसमेंटमध्ये राहतात. तेव्हापासून दादाचा अख्ख्या अमेरिकेवरचा विश्वास उडाला होता, माझ्यासकट.

"ट्रकवाला तर ट्रकवाला," दादा म्हणाला. बोस्नियाच्या गृहस्थांचा आता दोन ट्रकांचा धंदा होता. "धर्म, भाषा, वय, सगळं गिळतो मी. पण खोटारडा नको. प्रोफेशनल खेळाडू होता म्हणतो ना? पुरावा बघ. नाहीतर मी लग्नाला येणार नाही, पोरीला स्पष्ट सांग."

पोरीला सांगितलं. ती म्हणाली, "काका, बाबा आले नाहीत तर मी लग्नच करणार नाही. आणि दुसरा शोधणार पण नाही. दॅट्स इट." एवढं बोलून तिने नाक पुसलं आणि पुराव्याचं सांगितलं. त्याच्याकडे एका मॅचची व्हिडिओ कॅसेट होती. पण तिकडची कॅसेट इथल्या व्हीसीआरवर चालत नाही. तिकडच्या लढाईनंतर व्हिसाच्या रांगा लावत अमेरिकेत आल्यापासून त्याने स्वतःसुद्धा ती पाहिली नव्हती.

इथे माझी छाती फुगली. आमच्याकडे मल्टिसिस्टिम व्हीसीआर होता! भारतातून येणाऱ्या लग्नांच्या कॅसेट बघता याव्यात म्हणून प्रत्येक देशी घरात तेव्हा असायचा. कोणाकोणाच्या चुलतभावाच्या मुंजी त्यावर आम्ही जेवताना बघत असू. फुटबॉल प्रथमच.

शनिवारी दुपारी तो आला. पस्तिशी ओलांडलेला, सहा फुटांच्या वर, कपाळावर टाक्यांची खूण, आणि बसताना डावा गुडघा असा वाजायचा की आमची खुर्ची मोडली असं वाटावं. दारातच त्याने न सांगता बूट काढले. मला वाईट वाटलं. बुटांसकट गालिच्यावर आला असता तर माझं निम्मं काम तिथेच झालं असतं.

"नमस्कार, काका," तो म्हणाला. हे पुतणीने पढवलेलं; बाकी बोलणं इंग्रजीतच. माझ्याहून जेमतेम दहा वर्षांनी लहान असेल, पण त्याचे केस शाबूत होते, त्यामुळे हरकत घेता आली नाही.

बायकोने पोहे केले होते. "कसे झालेत?" तिने विचारलं.

"मीठ कमी आहे," तो शांतपणे म्हणाला.

पुतणीने डोळे मिटले. बायकोने चमचाभर खाऊन पाहिले आणि मुकाट्याने मीठ आणायला गेली. वीस वर्षांत हे वाक्य उच्चारायची माझी हिंमत झाली नव्हती.

मी चौकशी सुरू केली. "एकूण गोल किती?"

"शून्य."

"सगळ्या करिअरमध्ये?"

"मी डिफेंडर. माझं काम दुसऱ्याला गोल करू न देणं."

दुसऱ्याला काही करू न देणं! आमच्या ऑफिसातली अर्धी माणसं हेच करतात, तेही गुडघे न मोडता. मी मनातल्या मनात दादाला सांगायची वाक्यं जुळवायला लागलो.

कॅसेट लावली. करड्या आकाशाखाली चिखलाचं मैदान, आणि त्यात बावीस जण एकाच रंगाचे झालेले.

"यातला तू कुठला?"

"आत्ता दिसत नाही. बॉल पलीकडे आहे."

थोड्या वेळाने, "आता?"

"आता पण नाही."

बायको कोथिंबीर निवडायला बसली. कधीतरी पडद्याच्या कोपऱ्यात एक माणूस हात वर करून तोंड वासताना दिसला.

"तो मी."

"काय करतोयस?"

"ओरडतोय."

"कोणावर?"

"सगळ्यांवर."

"मग ह्याला आपल्या घरात काही जड जाणार नाही," बायको कोथिंबिरीतून म्हणाली, माझ्याकडे न बघता.

आणि मग ते झालं. लांबून एक साधा बॉल आला. त्याने तो टप्पा घेऊ दिला, गोलकीपर येईल म्हणून. गोलकीपर थांबला, हा घेईल म्हणून. दोघांच्या मधून तिसराच एक जण आला आणि गोल करून गेला. अंगणात पडलेलं वर्तमानपत्र उचलावं इतकं सोपं! इतका वेळ ज्याला कॅमेऱ्याने हुंगलंही नव्हतं, त्याचा चेहरा आता पडदाभर. चिखल, उघडं तोंड, कपाळ. मग तोच गोल परत, वेगवेगळ्या बाजूंनी, आणि प्रत्येक वेळी समालोचक गळा फाडून एकच शब्द ओरडत होता.

"हे तुझं आडनाव ना?"

"हो."

"आणि पुढे काय म्हणतोय?"

"म्हणतोय, याला घरी पाठवा. बाकीचं काकूंसमोर सांगता येणार नाही."

पुतणी त्याच्याकडे वळली. "यू सेड इट वॉज अ फेमस मॅच!"

"आहेच. त्या गावात अजून विसरलेले नाहीत."

माझ्याच्याने राहवेना. "अरे बाबा, मुलगी मागायला आलास आणि ही कॅसेट? जिंकलेली एखादी नाही?"

"आईकडे आहेत. पण त्यांत मी नाही."

"म्हणजे खेळलाच नव्हतास?"

"पूर्ण वेळ खेळलो. डिफेंडर नीट खेळला तर कॅमेरा त्याच्याकडे येत नाही, काका. तुम्हाला पुरावा हवा होता. माझा चेहरा आणि माझं नाव एकत्र फक्त हिच्यात आहे." मग पडद्याकडे बघून तो स्वतःशीच पुटपुटला, "गोलकीपरने यायला हवं होतं." लगेच मान हलवली. "नाही. माझाच बॉल होता."

संध्याकाळी, म्हणजे पुण्यात रविवार उजाडल्यावर, मी कॉलिंग कार्डाचे आकडे दाबले. ती दोघं समोरच, सोफ्यावर, रिझल्ट लागायच्या आधी बसतात तशी.

"हं. काय?" दादा.

"गोल शून्य. बराच वेळ दिसतच नाही. दिसतो तेव्हा ओरडत असतो. एकदाच जवळून दिसला, तेव्हा मॅच घालवली."

"तोच आहे कशावरून?"

"चेहरा तोच. आणि समालोचक नाव घेऊन शिव्या देत होता."

"नाव घेऊन?"

"आडनावासकट."

"मग गाढवाने दुसरी कॅसेट नाही का आणायची?"

"दुसऱ्यांत तो ओळखू येत नाही म्हणाला."

दादा गप्प बसला की कार्डावरची मिनिटं जातायत असं मला नेहमी वाटतं; त्या दिवशी वाटलं नाही.

"दिसायला राजबिंडा नाही, पैसेवाला नाही, खेळही बेताचाच," मी आपली भर घातली. "पोह्यांना मीठ कमी होतं म्हणाला, तुझ्या भावजयीच्या तोंडावर."

"होतं का?"

"होतं."

दादाने घसा साफ केला. "व्हिसाला हल्ली किती दिवस लागतात रे?"

मी फोनवर हात ठेवला. "व्हिसाचं विचारतोय," मी म्हणालो. पुतणी सोफ्यावरून घसरून खाली गालिच्यावरच बसली आणि रडायला लागली. तो गोंधळून कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होता. मी इंग्रजीत सांगितल्यावर त्याने फोनसाठी हात पुढे केला.

"मला द्या," तो म्हणाला. "व्हिसाचं तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं."