चिंचेपासून अर्धी गल्ली तळ्याकडे

आमच्या गावात घरांना नंबर नाहीत, आणि असते तरी कुणी वाचले नसते. पत्ता सांगायचा तो एखाद्या ठळक गोष्टीपासून. अमक्यापासून दोन गल्ल्या वर, तमक्यापासून एक गल्ली तळ्याकडे. आता ती गोष्ट जागेवर नसली म्हणून काय बिघडलं? जिथं सिनेमा होता तिथून मोजायचं, जिथं बर्फाचा कारखाना होता तिथून मोजायचं. निकाराग्वात जन्मलेलं मूल चालायच्या आधी हे 'होता' शिकतं.

फक्त दोन्या (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला दोन्या म्हणतात) लिदुविना मायरेना तसं म्हणायची नाही. कुणी घर विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर, "चिंचेपासून अर्धी गल्ली तळ्याकडे." आणि चिंच तर वादळात पडून एक पिढी उलटलेली! पण लिदुविना कोपऱ्यावरून जाताना अजूनही नसलेल्या बुंध्याला वळसा घालायची. दुपारी मडकं आणि स्टूल घेऊन तिथंच तिस्ते विकायला बसायची. भाजलेला मका आणि कोको वाटून केलेलं ते गार पेय तिच्या हातचं प्यावं. भर उन्हात डोळे मिटून म्हणायची, "काय गार सावली आहे बाई." तिच्याजवळ दोन घटका टेकलं की आपल्यालाही वाटायचं, वर पानं हलतायत, अंगावर बारीक पिवळी फुलं पडतायत. मी स्वतः एकदा डोक्यावरून फूल झटकलंय. हसा खुशाल.

समोरचा न्हावी आपारिसिओ तिची मस्करी करायचा. "दोन्या लिदू, जरा सरकून बसा, फांदी पडेल डोक्यात!"

"तुझ्या डोक्यात पडली तर नुसता मडक्याचा आवाज येईल," ती डोळे न उघडता म्हणायची.

पण ती असं का करते हे आपारिसिओलाही ठाऊक होतं. लढाईच्या दिवसांत फौजेचा ट्रक त्या चिंचेखाली उभा राहिला, आणि तिचा मुलगा नोएल त्यात चढून गेला. तो आला नाही, त्याचं प्रेतही आलं नाही. मग चिंच पडली. सगळं गाव 'जिथं चिंच होती' म्हणायला लागलं, तेव्हा लिदुविनाने ओठ घट्ट मिटले. एकदा जिभेला 'होती'ची सवय लागली की ती नोएलवर जाऊन थांबेल, अशी तिला भीती होती. मुलगी राजधानीला, मानाग्वाला, बोलवून बोलवून दमली. ही म्हणायची, "तो आला तर चिंचेपासूनच मोजत येईल ना?"

अशात नगरपालिकेच्या डोक्यात पायवाटेचं खूळ शिरलं. चौकापासून धक्क्यापर्यंत जुन्या गावातल्या फुटपाथांवर निळे मासे रंगवायचे, हातात एक घडीचा कागद द्यायचा, आणि पाहुण्यांनी वाटाड्याशिवाय माशांमागून आपलं आपण फिरायचं. कागद लिहिला पालिकेतल्या यादेरने. पोरगा हुशार, पण आमच्याच मातीतला. कोपऱ्यावर लिदुविनाला विचारून त्याने लिहून टाकलं, 'इथं जुनी चिंच आहे. तिच्या सावलीत विसावा घ्या.' छापायच्या आधी तो कागद अख्ख्या गावाने वाचला आणि एकालाही चूक सापडली नाही. अहो, आम्हाला चिंच दिसतेच की!

पाहुण्यांना दिसेना. कोपऱ्यावरच्या माशावर उभे राहून ते विजेच्या तारांकडे बघत बसायचे.

यादेर पळत आला. "दोन्या लिदू, एकच शब्द बदलायचाय. 'आहे'चं 'होती' करतो. तुमच्या कुंपणाची भिंत कोपऱ्यापर्यंत येते, तिच्यावर तसं लिहिलेली फरशी बसवायची, तुमचा होकार पाहिजे."

"माझ्या भिंतीवर तो शब्द नको."

"अहो, लोक माझा जीव खातायत!"

"खाऊ देत. तुझ्या अंगावर आहे काय, लवकर संपशील."

तो हात जोडून निघून गेला.

मग एका दुपारी एक म्हातारी आली. कुठल्याशा थंड देशातली, एकटीच, लिदुविनाच्याच वयाची. तोंड उन्हाने लालबुंद झालेलं. माशांवरून पुढे जाई, परत येई, पुन्हा कागद डोळ्यांशी धरी. शेवटी तिने मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, "चिंच कुठे?"

"ही काय, इथंच," लिदुविना सवयीने म्हणाली.

म्हातारीने वर पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. हात पुढे करून तिने हवेत चाचपलं. मग तिचा चेहरा एकदम पांढरा पडला.

"मला नाही दिसत," ती पुटपुटली. "डॉक्टर म्हणाले होते, डोळे जाणार. इतक्यात?" आणि ती मटकन माशावरच बसली.

लिदुविना स्टुलावरून उठली. ही बाई आपल्यापायी आंधळी व्हायला निघाली! तिने म्हातारीचे दोन्ही हात धरले. आपारिसिओ वस्तरा हातात घेऊन दारात थिजून उभा होता, गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण वाळत चालला होता.

"बाई, डोळे चांगले आहेत तुमचे," लिदुविना म्हणाली. "झाडच नाहीये. इथं चिंच... होती."

"होती?"

"होती. पडली."

म्हातारी हसायला लागली, हसताहसता रडायला लागली. लिदुविनाने तिला तिस्तेचा पेला दिला. स्टूल देऊन स्वतः जमिनीवर बसली. ऊन डोक्यावर रणरणत होतं. तिने एप्रनने मान पुसली आणि भीती होती तसंच झालं, जीभ थांबलीच नाही.

"माझा एक मुलगा होता," ती म्हणाली. "नोएल. उंच होता, पण कुत्र्यांना भ्यायचा."

म्हातारीला निम्मंही कळत नव्हतं, तरी ती मान हलवत राहिली.

"त्याला हे तिस्ते मुळीच आवडायचं नाही. पण मी केलं की माझ्यासमोर सगळं प्यायचा."