आधी आणि नंतर

"उलटं लावलंस तू हे! हा आताचा हृतिक हाय, आनि तो तीन वरसांपूर्वीचा."

"माहितेय मला, काकी."

"माहितेय, तरी?"

"म्हणूनच. अनुदानाच्या फॉर्ममध्ये 'आधी' आणि 'नंतर' असे दोन व्हिडिओ मागितलेत. सरळ लावले तर आपल्याकडे येऊन मूल बिघडतं असं दिसेल."

"बिघडत नाय गो. त्याचा आजारच तसा हाय."

"ते मला कळतं. कमिटीला कोण सांगणार?"

प्राचीने लॅपटॉप जनीकडे वळवला. जुन्या व्हिडिओत एक हात वरणभाताचा चमचा उचलतो, थरथरत तोंडाकडे नेतो, अर्धा सांडतो. नव्यात तोच हात मांडीवर पडून आहे आणि बांगड्या भरलेला दुसरा हात घास भरवतोय. बांगड्या जनीच्या.

"आता त्याला मिसरूड फुटतंय. आंधळे हायत का ते?"

"तोंड दिसतच नाही. फक्त हात आणि चमचा ठेवलाय."

"भात करपला तरी खरवड म्हनून वाढशील तू!"

पनवेलजवळच्या कोन गावात जनी घरतला सगळे ओळखतात ते तिच्या पाठीमुळे. तिच्या जीवनला हाच आजार होता. स्नायू वर्षागणिक विरत जाणारे, औषधाला न बधणारे. जनी त्याला पाठीवर घेऊन शाळेत जायची, बाजारात जायची. हळदीच्या मांडवात बेंजो सुरू झाला की त्याला पाठीवर घेऊनच नाचायची. "आये, जोरात!" तो कानात ओरडायचा, आणि जनी घामाने निथळेपर्यंत थांबायची नाही. सतराव्या वर्षी तो गेला. त्यानंतर तिची पाठ दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, ओझ्यामुळे. जनी म्हणाली, "ओझं होतं तवा कुठं दुखत होती?"

मग तिने शेजारचं असंच एक मूल दिवसभर सांभाळायला घेतलं. मग दुसरं. आता आठ आहेत. रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या पैशातून तिच्या नवऱ्याने, काशिरामने, पुढच्या दोन खोल्यांना उतार बांधला, भिंतींना धरायला दांडे लावले. पुढे काशिराम गेला, पैसेही संपले. व्यायाम करून घेणारी मुलगी यायची थांबली. पनवेलहून स्कूटीवर येणाऱ्या प्राचीने संस्थेची नोंदणी केली, अनुदानासाठी तीन ठिकाणी अर्ज पाठवले. तिन्हीकडून एकच उत्तर आलं: परिणाम स्पष्ट नाहीत. हा चौथा अर्ज. हाही नाकारला तर दिवाळीनंतर खोल्या बंद.

"खरं लिही ना," जनी म्हणाली. "आमच्याकडं पोरं बरी होत नायत. पन हसतात. एकटी पडत नायत."

"हसण्याला रकाना नाही, काकी."

"मग कसली मदत करतात ते?"

"जशी करतात तशी घ्यायची." प्राचीने लॅपटॉप परत स्वतःकडे वळवला. "या आठ जणांच्या आया उद्या कामं सोडून घरी बसल्या तर? जीवनच्या वेळी तुम्हाला कोण होतं? सांगा ना, कोण होतं?"

कोपऱ्यातल्या गादीवर हृतिक झोपला होता. जनीने उठून त्याची मान सरळ केली, उशी सारली. मग परत येऊन पेन मागितलं. अर्जाच्या छापील कागदावर अध्यक्ष या शब्दाखाली तिने सावकाश सही केली, आणि पेन असं खाली ठेवलं जणू ते गरम होतं.

"थँक्यू, काकी. स्कॅन करते आणि पाठवते. एकदा शेवटचं ऐका." प्राची मोठ्याने वाचू लागली, "'केंद्रात आला तेव्हा हृतिकला भरवावं लागत असे. आज तो स्वतःच्या हाताने जेवतो.'"

"काय?"

दारात हृतिकची आई उभी होती. रमा. टॉवरमधल्या साफसफाईच्या कामावरून सुटली होती, गळ्यातलं ओळखपत्रही काढलं नव्हतं.

"हातानं जेवला? माझा हृतिक?"

प्राचीने लॅपटॉप मिटला. "रमाताई, ते... ते अर्जात—"

रमा ऐकत नव्हती. गादीजवळ बसून तिने मुलाचा हात उचलला, उलटा केला, बोटं एकेक करून पाहिली. "मी रोज देवीला सांगते, डॉक्टरचं खोटं पडू दे. कधी झालं काकी? मना फोन नाय केलास?" ती हसत होती आणि नाक पुसत होती. "आज मी त्याला भरवनारच नाय. ताट पुढं ठेवीन. तो बरा होनार ना, काकी? तू सांग. तुझ्या तोंडून सांग."

जनीने टेबलावरचा सही केलेला कागद उचलला. घडी घातली, कमरेला खोचली.

"काकी, तो कागद द्या! आज शेवटची तारीख आहे!" प्राची ओरडली.

"सांग ना, काकी," रमा म्हणाली.

जनी उतारावरून खाली उतरली आणि मागे न बघता रस्त्याला लागली.